किल्ला पहाटे पायी चढवायचा का? माहेरचे येतायत, सल्ला हवा

दौलतगंजची_सून

नमस्कार मंडळी. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले त्याला अकरा वर्षं झाली आणि सांगायला लाज वाटते, पण किल्ला मी आजवर एकदाही पायी चढले नाही. पाहुणे आले की गाडी काढायची, उरवाईच्या रस्त्याने वर, मानमंदिर राजवाड्यासमोर फोटो, सास-बहू, तेली मंदिर, गुरुद्वाऱ्यात डोकं टेकवायचं की बाराच्या आत खाली. घरी कुकर लावलेलाच असतो.

जानेवारीत नाशिकहून माझे आई-आबा आणि भाऊ-वहिनी मुलासकट येतायत, पंजाब मेलने. आबा ७१ वर्षांचे, पण शेतकरी माणूस. झेंडूचा मळा आहे, पहाटे पाचला बांधावर हजर. त्यांना आठ वाजेपर्यंत घरात बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. आईचा उजवा गुडघा कुरकुरतो. भाचा नववीत, त्याला हातात मोबाइल आणि पोटात काहीतरी असलं की झालं.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, गाइड घेऊन उजाडता उजाडता किल्ला बघा, वेगळाच दिसतो. खरंच फरक पडतो की नुसतीच झोपमोड? आणि गाइड पारखायचा कसा? विचारायला कारण आहे. दिवाळीत मैत्रिणी आल्या होत्या तेव्हा फोनवरून एक जण ठरवला. नऊची वेळ देऊन अकराला उगवला. मानमंदिरात ज्या खोलीत शिरू तिथे "यहां रानी सोती थी, यहां रानी झूलती थी". मी मोजत होते, तेरा राण्या झाल्या. शेवटी चंदेरी साड्यांच्या दुकानात पाऊण तास बसवून ठेवलं. मैत्रिणींनी साड्या घेतल्या हा भाग वेगळा.

सासऱ्यांचं मत: "किल्ला काय पळून चाललाय? जेवून जा निवांत."

किलागेटचा_म्हातारा

तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा. किल्ला पळत नाही हे बरोबर, पण ऊन पळतं.

मानमंदिराचा जो देखणा दर्शनी भाग आहे, सहा बुरूज, निळ्या फरशा, तो पूर्वेकडे तोंड करून उभा आहे. उगवतीचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. दहा-अकराला सूर्य डोक्याकडे सरकला की तीच भिंत मळकी दिसायला लागते, आणि दुपारनंतर तर ती सावलीत. तुम्ही अकरा वर्षं किल्ला बघताय तो सावलीतला. वर गाडी लावून समोरच्या अंगणातून जे दिसतं ते म्हणजे घराच्या परसदारी उभं राहून घर बघणं. मानसिंह तोमराने (१४८६ ते १५१६) ही भिंत खालून चढून येणाऱ्यासाठी सजवली. येणारा दमलेला असावा, मान वर करून बघणारा असावा, असाच त्याचा हिशोब.

म्हणून उरवाई नको. ऑटोवाल्याला "किलागेट" सांगायचं, हजीऱ्याच्या बाजूचं. मी तारखात्यातून निवृत्त झालो तेव्हापासून पावसाचे दिवस सोडले तर रोज याच वाटेने वर जातो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुरू केलं, आता डॉक्टर बदलले तरी वाट तीच आहे. टेकडी आजूबाजूच्या शहरापेक्षा सुमारे ३०० फूट उंच. पायऱ्या नाहीत, दगडी चढण आहे. तुमचे आबा अर्ध्या तासात चढतील. तुम्हाला पाऊण तास धरा, कारण तुम्ही बोलत चढणार.

पहिला दरवाजा आलमगिरी, औरंगजेबाच्या काळात १६६० मध्ये बांधलेला, म्हणून ते नाव. आत शिरलं की उजव्या हाताला गुजरी महाल. राणी मृगनयनीसाठी मानसिंहाने बांधला तो, आता तिथे सरकारी संग्रहालय आहे. पहाटे ते बंद, दहाला उघडतं आणि सोमवारी उघडतच नाही. ग्यारसपूरची शालभंजिकेची मूर्ती तिथे आहे, तिच्यासाठी वेगळी चक्कर मारा, पहाटेच्या फेरीत कोंबू नका. पुढे हिंडोला दरवाजा, मग गणेश दरवाजा, लक्ष्मण दरवाजा आणि सगळ्यात वर हाथी पोळ. तिथे पूर्वी खराखुरा वाटावा असा दगडी हत्ती होता, दोन माहुतांसह. बाबर १५२८ मध्ये इथे आला तेव्हा त्याने तो पाहून लिहून ठेवलाय. आज हत्ती नाही, नाव उरलं.

थोडं अवांतर. पहाटे किल्ला चढण्याची कल्पना आपली नाही. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन पॉफमच्या शिपायांनी अंधारात दोर आणि शिड्या लावून कडा चढला आणि शिंद्यांकडून किल्ला घेतला. पाय घसरू नये, आवाज होऊ नये म्हणून पायांत कापूस भरलेले जोडे. लष्करच्या, म्हणजे शिंद्यांनी वसवलेल्या भागातल्या आपल्या घरांमधून ही गोष्ट लोक फारशी सांगत नाहीत, का ते उघड आहे. पुढे किल्ला परत आला, पुन्हा गेला. १८८६ मध्ये इंग्रजांनी तो शिंद्यांना कायमचा दिला तो झाशीच्या बदल्यात. असो.

आता मुख्य गोष्ट. गणेश आणि लक्ष्मण दरवाजांच्या मध्ये, वळणावर, एका खडकात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर आहे. गाडीने जाणाऱ्याला ते दिसतच नाही. अल्ल नावाच्या किल्लेदाराने प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या काळात कोरवून घेतलं. आतल्या भिंतीवर शिलालेख आहे, संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. त्यात २७० आणि ५० हे आकडे आहेत आणि शून्य आपण आज काढतो तसंच, छोटंसं गोल. बाकीच्या अंकांपेक्षा अंमळ लहान. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं छिन्नी चुकून लागली असेल.

गाइड पारखायची माझी रीत सांगतो. फोनवरच विचारायचं: "चतुर्भुज मंदिरातला लेख कशाबद्दल आहे?" "शून्याबद्दल" म्हणाला तर अर्धे मार्क. "जगातलं पहिलं शून्य" म्हणाला तर फोन ठेवा. कंबोडियात इसवी सन ६८३ चा लेख आहे, त्यात शून्य टिंबाच्या रूपात आहे. आपलं शून्य भारतातल्या, तारीख नक्की ठाऊक असलेल्या सगळ्यात जुन्या गोल शून्यांपैकी एक आहे. तेवढं मोठेपण पुरे आहे, फुगवायची गरज नाही. आणि "फुलांच्या हारांबद्दल" म्हणाला तर भाव न करता ठरवा. कारण तो लेख गणिताचा नाहीच, दानाचा आहे. त्यात काय लिहिलंय ते मी सांगत नाही. झेंडूवाल्या आबांना त्यानेच सांगू दे.

वर पोचल्यावर घाई नको. हाथी पोळाच्या आधी भिंतीला पाठ न करता पाच मिनिटं उभे राहा. निळ्या पट्ट्यावर पिवळ्या बदकांची रांग आहे, एकीमागे एक, शाळेत चाललेल्या पोरांसारखी. केळीची झाडं, हत्ती, वाघ, मगरीही आहेत. पाचशे वर्षांचा रंग आहे तो. आत तळघरातल्या गोल खोल्या मुघलांनी तुरुंग म्हणून वापरल्या. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यात ठेवलं आणि १६६१ मध्ये मारवलं. भाचा नववीत आहे ना, तो मोबाइल खिशात ठेवील तो इथे.

सास-बहू (१०९३, महिपाल कच्छपघाताचं विष्णुमंदिर, सासू-सून दोघींचा संबंध नाही) आणि तेली मंदिर तुम्हाला पाठ आहेत. गाइडकडे पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा, पैसे आधी ठरवा, "दुकान नहीं जाना" हे पहिल्या वाक्यात सांगा.

गुडघे_दोन्ही_दुखरे

काकांचं सगळं खरं, पण काका एकटे चढतात. सासूबाईंना घेऊन चढणं काय असतं ते मला विचारा.

ताई, आईंना त्या चढणीला लावू नका. दगड वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेत, सकाळी दंव असतं. चढताना गुडघा तक्रार करत नाही, उतरताना करतो. आमच्या सासूबाई गणेश दरवाजापर्यंत हौसेने गेल्या आणि येताना मागे तोंड करून उतरल्या, शब्दशः. आईंना वहिनीबरोबर उरवाईच्या रस्त्याने गाडीतून आणा. त्यांचंही नुकसान नाही, त्या रस्त्याच्या कडेला कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत, पंधराव्या शतकातल्या, सगळ्यात उंच ५७ फूट. गाडी थांबवून खिडकीतून बघता येतात. वरती गुरुद्वाऱ्यात भेटायचं ठरवा. दाता बंदी छोड. तिथे बसायला जागा, गरम लंगर, स्वच्छ बाथरूम, आणि कुणी उठा म्हणत नाही. गुरू हरगोविंदांनी आपल्याबरोबर ५२ राजांना कैदेतून सोडवलं ती गोष्ट आईंना तिथेच सांगता येईल.

दुसरं, काका विसरले की मुद्दाम बोलले नाहीत कोण जाणे. जानेवारी आहे! इथला कोहरा नाशिकच्या धुक्यासारखा नसतो. कधी कधी दहापर्यंत समोरचा विजेचा खांब दिसत नाही. उगवतीचं ऊन कुठून आणणार?

किलागेटचा_म्हातारा

विसरलो नाही. कोहरा असेल तरी जा. उलट तेव्हा वाटेवर कोणी नसतं. आईंबद्दल ताईंचं म्हणणं बरोबर, मी चूक.

बाड्यावरचा_सायकलवाला

किल्ल्याचं ठरलंच आहे, पण एक सकाळ बाड्यासाठी, म्हणजे लष्करच्या मोठ्या चौकासाठी ठेवा. आपण बाड्यावर जातो ते संध्याकाळी, खरेदीला. तेव्हा दिसतं काय? हातगाड्या, मोजे, स्वेटर आणि समोरच्याची पाठ. सहा-साडेसहाला या. दुकानांची शटर बंद, गाड्या नाहीत, आणि चौकाच्या भोवती टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, बँक, जुना सरकारी छापखाना, व्हिक्टोरिया मार्केट, शिंद्यांच्या जुन्या गोरखी वाड्याचा दरवाजा, प्रत्येक इमारत वेगळ्या घाटाची. गोल फिरत बघितलं तर वीस मिनिटांत युरोप, मुघल, राजपूत सगळं होतं. व्हिक्टोरिया मार्केट २०१० मध्ये जळालं होतं, पुन्हा उभं केलं, आता तिथे भूविज्ञानाचं संग्रहालय आहे.

पाहुण्यांना सांगा, हे सगळं गाव "लष्कर" का. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला पडली, तात्पुरती, आणि ती उठलीच नाही. आपण सगळे त्या न उठलेल्या तंबूंतलेच. जाता जाता फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. तिथे गाइडची गरज पडत नाही, मराठी माणूस आपोआप गप्प होतो.

गाइड हवाच असेल तर किल्ल्यावर. बाड्यावर कोणाही चहावाल्याला विचारा, जास्त सांगेल.

दौलतगंजची_सून

जाऊन आलो! पाहुणे काल परतले, आज निवांत लिहिते आहे.

काका, तुमचा प्रश्न मी तिघांना विचारला. पहिला म्हणाला "ज़ीरो, मैडम, दुनिया का पहला". फोन ठेवला. दुसरा म्हणाला लेख वगैरे काही नाही, मंदिर बंद असतं, त्यापेक्षा राजवाडा दाखवतो. तिसरा, आवाजावरून अगदी पोरगा, म्हणाला, "हारों के बारे में है. और तेल के बारे में भी." तेलाचं तर तुम्हीही सांगितलं नव्हतं.

पावणेसातला किलागेटला उतरलो तर किल्ला गायब. खोटं नाही सांगत, आलमगिरी दरवाजाची कमान दिसत होती आणि तिच्यामागे पांढरा पडदा. भाऊ म्हणाला, "ताई, यासाठी उठवलंस?" मी मनात गुडघेवाल्या ताईंची माफी मागितली. पण आबांनी मफलर आवळला आणि चालायला लागले, म्हणजे मग सगळेच. गाइड पोरगा शहाणा निघाला. लांबचं दाखवायचं काही नाही म्हटल्यावर त्याने सगळं हाताच्या अंतरावरचं दाखवायला सुरुवात केली. घासून खोलगट झालेल्या एका दगडावर त्याने आबांना पाय ठेवायला सांगितलं. आबांची टाच बरोबर बसली.

चतुर्भुज मंदिराला जाळीचं दार आहे. पहारेकरी शेकोटीपाशी होता, उठून आला, आम्ही आत वाकून शिरलो. पोराने टॉर्च सरळ न धरता बाजूने, तिरका धरला, तशी अक्षरं एकदम वर आली. २७० मधलं शून्य ज्वारीच्या दाण्याएवढं असेल असं मला वाटलं होतं, त्याहून मोठं आहे, पण खरंच शेजारच्या सातापेक्षा बारकं. भाच्याने मोबाइल काढला तो फोटोसाठी. चार काढले, चारही हलले.

मग पोराने अर्थ सांगितला. फुलबागेसाठी जमीन दिली, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. शिवाय किल्ल्यावरच्या माळ्यांनी देवाला रोज ५० हार द्यायचे, हंगामात जी फुलं मिळतील त्यांचे. आणि तेल्यांनी दर घाण्यामागे महिन्याला एक पळी तेल.

आबा तोपर्यंत भिंतीला टेकून उभे होते. "हात म्हणजे दीड फूट धरायचा?" पोरगा म्हणाला, साधारण. आबांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि म्हणाले, "एकशे चार गुंठे. अडीच एकराच्या वर." भाच्याने मोबाइलवर गुणाकार केला. १०४. गाइड पोरगा इतका खूश झाला की त्याने खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. म्हणाला, इतक्या लोकांना शून्य दाखवलं, जमीन कोणी मोजली नव्हती.

आबांना लेख लिहिणारा माणूस आवडला. "हंगामात मिळतील ती, असं लिहिलंय ना? शहाणा आहे. आमचे व्यापारी आषाढातही झेंडू मागतात." तेव्हा भाच्याने बॉम्ब टाकला, की झेंडू मुळात मेक्सिकोचा, पोर्तुगीज वगैरे आल्यावर इकडे आला, ८७६ मध्ये इथे झेंडू नव्हताच. आबा लक्ष्मण दरवाजापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं दमले.

वर हाथी पोळापाशी पोचलो तरी पांढरंच. आई आणि वहिनी गाडीने आधीच गुरुद्वाऱ्यात पोचून चहा पीत होत्या, फोनवर फोन. आम्ही काकांचं ऐकून भिंतीसमोर उभे राहिलो, पाच नाही, चाळीस मिनिटं. नवानंतर कधीतरी वरचा एक बुरूज दिसला, नुसता घुमट, खाली काही नाही. मग पांढऱ्यातून निळी पट्टी आणि तिच्यावर ती बदकं. रांगेतली तीन-चारच दिसत होती, मग आणखी दोन, जशी पाण्यातून वर येतायत. भाऊ ज्याने झोपेवरून कुरकुर केली होती तो "अरे अरे अरे" एवढंच म्हणत होता. ऊन पडलं तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. म्हणजे पहाटेचं ऊन आम्हाला मिळालं नाहीच, काका. पण तक्रार नाही.

बाकी सगळं लवकर आटोपलं. मुरादची तळघरं भाच्याला आवडली, बाबराने विद्रूप करवलेल्या उरवाईच्या मूर्ती आईला आवडल्या नाहीत ("तोंडं तरी सोडायची"), खाली येऊन बेडई-जिलेबी. बेडई पाहून वहिनी म्हणाली ही तर कचोरी, त्यावर माझ्या सासऱ्यांनी तिला अर्धा तास फरक समजावला. बाड्यावर सहाला जायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी कोणी उठलंच नाही.

एक प्रश्न मात्र उरलाय आणि तो मी काकांच्या गळ्यात बांधते. आबा गप्प होते ते दमून नव्हे, विचार करत होते. जेवताना म्हणाले, "माळी रोज पन्नास हार बाहेरून आणून देणार. मग बाग वेगळी, हार वेगळे. एकशे चार गुंठ्यांत रोजची किती फुलं निघतात ठाऊक आहे? मग ती जायची कुठं?" गाइड पोराला मी फोन करून विचारलं, तो म्हणाला विचारून सांगतो. काल गाडीत बसताना, डबा हातात देत होते तर पुन्हा तेच. "आणि विहीर कुठं होती तेही विचार त्या काकांना. बिगर पाण्याची बाग कोण देवाला देतं?"